कमरेवरचा हात

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित – नाही, तेही खरं नाही. आता आत ठेवणं जमत नाही, एवढंच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेतून पुण्याला आलो, पदवी घेतली, खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. सायकलने पोराचं भलं केलं, असं वडील चारचौघांत सांगतात. मी मान हलवतो. दुसरं काय करणार?

ती शर्यतीची सायकल मला शिकवली दिगंबरने. धायरीत त्याच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती, पण जेवायला खालीच असायचो. त्याची आई न विचारता माझंही ताट वाढायची. पहाटे आम्ही दोघं कात्रजचा घाट चढायचो. एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने अगदी चाकामागे राहायचं. ट्रकच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून आमची एक खूण होती – मागचा बाजूने पुढे निघाला की पुढच्याच्या कमरेला हात टेकवायचा. अर्थ एकच. मी इथे आहे, तू सरळ राहा.

मग राज्य संघाच्या निवडीची शर्यत आली. जागा एकच उरली होती. शेवटच्या धावेत, अंतिम रेषेच्या तोंडाशी, मी सर्वांत पुढे होतो आणि पायांतलं बळ संपलं होतं. डावीकडे, कठड्याच्या बाजूने, दिगंबर वर येत होता. माझ्या कमरेला त्याचा हात टेकला.

मला कळलं नाही, असं म्हणू का? ज्या हाताने कितीतरी पहाटा मला सांभाळलं, तो कळला नाही?

कळला. आणि कळल्यावर मी डावीकडे सरकलो. थोडासाच. माझा तोल गेला नव्हता. त्याचा खांदा कठड्याला घासला, त्याने ब्रेक दाबला, मी पहिला आलो. तो दुसरा.

तक्रार झाली. अशा धावेत जो आपली रेषा सोडून दुसऱ्याला दाबतो, किंवा दुसऱ्याला हात लावतो, त्याला पंच घोळक्याच्या शेवटी टाकतात. दोघांपैकी एकजण जाणार होता. कुणाच्या तरी मोबाइलवर शेवटचे क्षण होते – त्यात त्याचा हात स्वच्छ दिसत होता. माझं चाक दिसत नव्हतं.

दिगंबर म्हणाला, मी फक्त सांगत होतो. पंच पुण्याचेच. म्हणाले, "हाताने सांगत होतात? तोंड घरी ठेवून आला होतात का?" कुणीतरी हसलं. मग ते माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

दिगंबरही माझ्याकडे बघत होता. निवांत. आता हा सांगेल, अशा नजरेने.

"हात लागला, सर," मी म्हणालो.

खोटं होतं का ते? शब्द तर खरा होता. इतकी वर्षं मी त्या एका शब्दाला धरून आहे आणि तो मला धरत नाही.

त्याला शेवटचा नंबर मिळाला. मला संघ, पुढे नोकरी, पुढे सगळंच. त्या दिवशी खोलीत शिरलो तर तो माझ्याआधी वर येऊन बसला होता. मला वाटलं, आता विचारेल. तो म्हणाला, "चूक माझीच हाय गड्या. हात जरा जोरात पडला असंल, म्हणून तू हाललास."

मी जिना उतरलो. खाली त्याच्या आईने दोघांची ताटं वाढली होती. मी जेवलो.

आम्ही अजून कधीमधी रविवारी कात्रजला जातो. तो मागे असतो. त्या दिवसानंतर त्याने एकदाही हात टेकवलेला नाही. ट्रकच्या आवाजावर घसा ताणून ओरडतो – "मागं हाय रे, मागं हाय."

मी सरळ राहतो.