नऊ साहेबांचा जोडीदार

बाभुळगावचे देवराव सलग अठरा वर्षं आमच्या यवतमाळच्या क्लबात टेनिसच्या दुहेरीचे चॅम्पियन होते. जिल्ह्यात हे कोणाला ठाऊक नाही, यात जिल्ह्याची चूक नाही. विजेत्या-उपविजेत्यांच्या बोर्डावर वर्षानुवर्षं एकच मजकूर रंगवला जाई: 'विजेते: अमुक साहेब आणि जोडीदार'. या काळात नऊ साहेब बदलून गेले, जोडीदार मात्र तोच राहिला.

देवराव मूळचे कोर्टावर रोलर फिरवायला ठेवलेले. एकदा एका साहेबांचा भिडू आला नाही, म्हणून चुन्याने माखलेल्या हातांनीच उभे राहिले आणि जिंकले. तेव्हापासून बदलून येणारा प्रत्येक साहेब बंगला बघायच्या आधी देवराव बघायचा. त्यांची खरी करामत वेगळीच होती. धावून-धावून सगळे बॉल तेच परतवायचे आणि शेवटचा, अगदी सोपा बॉल साहेबांच्या रॅकेटपुढे वाढून ठेवायचे. साहेब तो मारत आणि फोटो निघे. पंचाच्या खुर्चीवरून मी हे पाहत आलो, टाळ्याही वाजवत आलो, तेव्हा मला फार बोलायचा हक्क नाही.

निवृत्तीच्या वर्षी देवरावांनी पहिल्यांदाच काही मागितलं. "साहेब, यंदा जितलो तं माहं नाव बोर्डावर लिहान काय?" साहेब उदार. आधी जिंकू तर, मग बघू, म्हणाले.

फायनल देवरावांनी एकट्याने ओढत शेवटच्या गुणापर्यंत आणली. बॉल उंच उडून त्यांच्याच डोक्यावर आला. तो मारला असता तर सामना संपला होता. पण मागून साहेबांचा हुकूम आला, की सोड, तो माझा. अठरा वर्षांची सवय. देवराव खाली वाकले. साहेबांनी बॉल थेट कडुनिंबात पाठवला आणि पुढचे गुणही तेवढ्याच जिद्दीने घालवले. मला भयंकर संताप आला. तो मी चहाबरोबर गिळला.

उपविजेत्यांच्या ओळीत आपलं नाव शोभणार नाही, असं साहेबांना वाटलं. त्यांनी पेंटरला नवा मजकूर दिला: 'उपविजेते: देवराव आणि जोडीदार'. देवरावांची इच्छाही पुरी झाली, असं ते चारचौघांत सांगत होते.

निरोपाच्या दिवशी देवराव बायकोला, भागीरथाबाईंना, बोर्ड दाखवायला घेऊन आले. बाईंनी बोट फिरवत ती ओळ वाचली. "हा जोडीदार कोन व्हय?"

"असन कोनी साहेब," देवराव म्हणाले.