खाली बसून पाहणारा दादा

दादा गेल्याचा ट्रंककॉल मनमाडला आमच्या शेजाऱ्यांकडे आला. मी शाळेत शिकवायला निघाले होते. त्याला आता काही आठवडे झाले, पण नाशिकला जायचं म्हटलं की अजूनही दादाकडेच जायचंय असं वाटतं…

दादा आर्किटेक्ट. मुंबईत शिकून तो नाशिकला परतला, तेव्हा आई म्हणाली होती, “एवढं शिकून इथं काय बांधणार?” त्यानं शाळा बांधल्या, एक दवाखाना बांधला, कारकुनांची दोन-दोन खोल्यांची घरं बांधली. काम घेतलं की कागदाला हात लावण्याआधी तो त्या माणसाच्या घरी जाऊन जमिनीवर बसायचा. बाई धान्य निवडायला बसते तिथं, मुलं अभ्यासाला बसतात तिथं. लोक बिचारे खुर्ची पुढे करत आणि साहेब मांडी घालून भिंतीला टेकलेले. वहिनीला लाज वाटायची, मला हसू यायचं.

नाशिकच्या आमच्या वसाहतीतल्या बुद्धविहाराचा नकाशाही त्यानं असाच काढला. वंदनेला खाली बसलेल्या माणसाला बाहेरचं झाड दिसावं, वारा लागावा, म्हणून खिडक्या अगदी खाली घेतल्या. पण तो इगतपुरीच्या कामावर अडकला आणि इकडे गवंड्यांनी नेहमीच्या सवयीनं खिडक्या कमरेएवढ्या उंच घेतल्या. दादा आला, खाली बसला, तर समोर नुसती भिंत.

“पाडायला सांग,” मी म्हटलं.

“कुणाला सांगू, सुमन? श्रमदानाचं काम आहे. विटा वाहून बायांच्या हाताला फोड आलेत.”

तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही. पौर्णिमेला मात्र मागे बसून त्या भिंतीकडे बघत राहायचा. मला त्याचा रागच यायचा. आपल्या कामासाठी माणसानं थोडं तरी भांडावं की नाही?

तो गेल्यावरचं पुण्यानुमोदन त्याच विहारात झालं. मी मागे, त्याच्या जागेवर बसले. शेजारी कौसाबाई होत्या, विहार बांधताना विटा वाहणाऱ्यांपैकी एक. हळूच म्हणाल्या, “तुमचं दादा हितं बसून काय बघायचं वं?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मंग तवाच का नाय सांगितलं? विटा आमीच वाहिल्या व्हत्या, आमीच काढल्या असत्या.”

एवढं एक वाक्य दादाला ऐकायला मिळायला हवं होतं…