मान न वळवणारी

माझा आवाज बारीक, पण डोकं तापट. कॉलेजच्या छात्रसेनेत मुलींच्या तुकडीची कमांडर निवडायची होती, तेव्हा मी हट्टाने नाव दिलं. निवड झाली धरमपेठेतल्या एका मुलीची. तिने ‘सावधान’ म्हटलं की रस्त्यावरचे सायकलवालेही दचकायचे. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी मला ‘दर्शक’ केलं. दर्शक म्हणजे पहिल्या रांगेतली उजव्या टोकाची मुलगी. तिच्या अंदाजाने बाकीच्या आपली रांग धरतात.

घरी सांगितलं, तसा बाबांचा घास हातातच राहिला. ते गांधीबागेत कापडाच्या गाठी वाहायचे. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांचं एकच म्हणणं असायचं, आता कोणाच्या मागे चालायचं नाही.

"आपल्या सात पिढ्या दुसऱ्याच्या मांगं चालल्या. अन् तू कॉलेजात जाऊन बी मांगंच? त्यापेक्षा सोडून दे."

मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी तणतणत उस्तादांपुढे उभी राहिले. उस्ताद काटोलकडचे, फौजेतले हवालदार. रागावले तरी त्यांचा आवाज चढत नसे.

"उस्ताद, मले पुढं ठेवत नसान, त मी तुकडी सोडते."

"सोड. पण ऐकून जा," ते म्हणाले. "सलामीच्या वक्ती कमांडर मान वळवते. मान वळली का पाय बी तिकडंच सरकते. मांगच्या साऱ्या पोरी बी मान वळवते. एकटी दर्शक समोर पाहते. ती बी वाकडी गेली, त अख्खी तुकडी मंचावर जाऊन धडकन. पुढं चालणारी मले कोणी बी भेटन वं. न वळणारी कुठून आणू?"

मी सोडलं नाही. सोडलं असतं तर बाबा खूश झाले असते, हे ठाऊक असूनही सोडलं नाही. मग रोज मैदानावरच्या चुन्याच्या रेघेवरून एकटी चालत राहिले. भाजी आणायला निघाले तरी समोरचा विजेचा खांब नजरेत धरून सरळ चालायची. आई म्हणायची, "पोरगी येडी झाली."

त्या वर्षी मुलींची तुकडी पहिल्यांदाच कस्तुरचंद पार्कवरच्या सव्वीस जानेवारीच्या संचलनात होती. पोरी रांग मोडणार, असं मुलांनी आधीच ठरवून टाकलं होतं. बाबा दोराच्या पलीकडे, गर्दीत उभे होते.

मंत्री सलामी घेत होते तो मंच जवळ आला. ‘दाहिने देख!’ सगळ्या माना खाडकन वळल्या. कमांडरचीही वळली आणि उस्ताद म्हणाले होते तशीच ती मंचाकडे सरकू लागली. तिच्या मागोमाग जाणं सोपं होतं. माझेही पाय तिकडे ओढ घेत होते. मी दात आवळले आणि समोरच्या झाडावरची नजर हलू दिली नाही. रांग माझ्यासोबत सरळ गेली. ‘सामने देख’ म्हणताना कमांडरला आपण कुठे आलो ते कळलं आणि ती पटकन तुकडीपुढे आली.

संध्याकाळी वस्तीत आमच्या दारात माणसं जमली होती. बाबा छाती फुगवून सांगत होते, "साऱ्या पोरींनी मंत्र्याकडं मान वळवली. माह्या पोरीनं ढुंकून पाहिलं नाही!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. मला हसू आलं. गप्प राहिले असते तर वस्तीत वर्षभर मिरवता आलं असतं. पण तो फुकटचा मोठेपणा मला नको होता.

"बाबा, मी हुकूम मोडला नाही. दर्शकाले हुकूमच तसा असते. एकीनं सरळ पाहिलं तरच बाकीच्यांची रांग सरळ राहते."

माणसं चुळबुळली. बाबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "पण पुढची पोरगी वाकडी जाऊन राहिली होती. मी पाहिलं. तिच्या मांगं काहून नाही गेली तू?"

"मी रांगेसंग होती, बाबा."



"पुढच्या साली तुले कोणी पुढं बोलावलं," बाबा म्हणाले, "त जाजो नोको."