माझी पाठ, बाबांचे पाय

कोणीतरी सांगितलं होतं, मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम करावं, मग पाच मिनिटं उठावं; काम भराभर होतं. विजय नगरच्या घरातून कंपनीचं काम करायचे तेव्हा मी तसंच करू लागले. त्याच सुमारास बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दिवसभरात थोडं थोडं चालवा, नाहीतर पाय आखडेल. बाबा हलायला तयार नव्हते. जन्मभर फॅक्टरीत उभं राहून काम केलेला माणूस. मुलीनं आपल्याला चालवावं यात त्यांना कमीपणा वाटायचा. सुंभ जळाला तरी पीळ काही जाईना.

शेवटी मी थाप मारली. "बाबा, बसून बसून माझी पाठ दुखते. डॉक्टरांनी मधूनमधून चालायला सांगितलंय. एकटीला कंटाळा येतो."

मात्रा लागू पडली. गजर वाजला की हाक यायची, "चलो बेटा, बंद कर तो लॅपटॉप! अशानं पाठ धड राहीन का तुझी?" मग आमची वरात हॉलमधून गॅलरीपर्यंत. वॉकर ठोकत ते पुढे, मी मागे. मीटिंग लांबली तर दारात येऊन खाकरायचे. त्या पाच मिनिटांचा मला लळाच लागला होता. हळूहळू वॉकर सुटला, काठी आली.

मग ऑफिसनं परत बोलावलं. दिवसा बाबांची देखभाल करायला पगारी एक दीदी ठेवली, त्यांना चालवायचं तिला नीट समजावलं. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी विचारलं, "पाठ कशी आहे तुझी?" त्यांना काळजी नको म्हणून मी म्हणाले, "एकदम बरी झाली."

"अच्छा," म्हणाले. केवढे खूश झाले होते!

दुसऱ्या दिवसापासून ते उठलेच नाहीत. दीदीनं विनवलं तर म्हणायचे, "काहून? आता काय काम आहे?" मी विचारलं की तीही बिचारी मला "हाँ दीदी, थोड़ा चले" सांगून वेळ मारून न्यायची. मला कळलं तोवर गुडघा आखडला होता. त्यांचं उठायचं कारणच मी काढून घेतलं होतं. ते एक वाक्य गिळलं असतं तर बाबा आज चालत असते, हे मला फार सलतं.

परवा रविवारी पुन्हा तीच थाप मारून पाहिली. "बाबा, पाठ फार दुखून राहिली. चला न जरा."

त्यांनी उठायचा प्रयत्न केला, खरंच केला. मग भिंतीकडे सरकून पलंगावर जागा करून दिली.

"ये, बस इथं. दाबून देतो."