दाजींच्या गाडीचं गोल तोंड

वाचकहो, नव्या गोष्टीवर सगळ्यांच्या आधी जो विश्वास ठेवतो त्याचं पुढे काय होतं, हे तुम्ही कधी कुणाला खडसावून विचारलं आहे का? नसेल विचारलं, तर माझ्या दाजींना एकदा भेटा. गोदावरीच्या काठापासून मांजरेच्या काठापर्यंत, नांदेड ते लातूर या अख्ख्या टापूत त्यांच्याइतका हट्टी, त्यांच्याइतका मायाळू आणि त्यांच्याइतकी हळू मोटार चालवणारा माणूस झालेला नाही, आणि रस्त्यावरच्या चार्जिंगची आजची दशा पाहता पुढे होणारही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत बहिणीचे, आमच्या ताईचे यजमान. नांदेडच्या एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्या कचेरीत साहेबांसाठी म्हणून विजेवर चालणारी एक पांढरी मोटार आली होती. साहेब तिच्यात एकदाच बसले, अर्ध्या वाटेत बॅटरीचा आकडा उतरलेला पाहून त्यांना घाम फुटला आणि ते पुन्हा डिझेलच्या जीपमध्ये जाऊन बसले ते कायमचे. मोटार लिंबाखाली उभी राहिली. तिच्या टपावर कावळ्यांची पिढी वाढली. पुढे लिलाव निघाला तेव्हा बोली लावायला दाजी एकटेच हजर होते.

लोक म्हणाले, म्हाताऱ्याला हौस आली. हौस नव्हती. दाजींची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, किल्लारीला राहते. भूकंपात तिचं घर तिच्या डोळ्यांदेखत बसलं आणि घरातली माणसं आत राहिली. दाजी तेव्हा नुकतेच नांदेडला नोकरीला लागले होते. त्यानंतर गाव नव्या जागी वसलं, रुंद रस्ते झाले, अक्कालाही खोली मिळाली. पण खालून येणारी थरथर तिच्या अंगातून गेली नाही. एसटीत बसली, की इंजिन सुरू होऊन बाक थरथरायला लागलं रे लागलं, अक्का खाली. जीपचं तेच. खड्ड्यात आपटली तर तिची काही तक्रार नसते, कारण खड्डा समोर दिसतो. न दिसता खालून येतं ते तिला नको. या एका कारणानं ती वर्षानुवर्षं नांदेडला आली नव्हती, सख्ख्या भाचीच्या लग्नालासुद्धा नाही. कचेरीतल्या त्या पांढऱ्या मोटारीत दाजी एकदा बसले होते. ड्रायव्हरनं ती चालू केली तेव्हा समोर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हललं नाही. दाजींनी तेवढंच पाहिलं. बाकी मोटर, बॅटरी, रंग, टायर काही पाहिलं नाही, आणि घोटाळा तिथंच झाला, कारण त्यांनी गाडीचं तोंड पाहिलं नाही.

तोंड म्हणजे वीज भरायची जागा. पेट्रोलपंपावर जशी नळी असते तशी इथं जाड वायर असते आणि तिच्या टोकाला भोकाभोकांचा ठोकळा, त्याला गन म्हणतात. दाजींची गाडी आली त्या काळात सरकारनं जलद चार्जिंगसाठी गोल गन ठरवली होती. तिच्या नावात भारत होतं, घडण चीनची होती. मग कंपन्यांनी नव्या गाड्या काढल्या त्या सगळ्या दुसऱ्याच गनच्या: वर गोल आणि खाली आणखी दोन जाड भोकं, दुमजली. तिचं नाव सीसीएस-टू. आता जिकडे जाल तिकडे दुमजलीच. घरच्या साध्या प्लगवर दाजींची गाडी रात्रभरात भरते, पण नांदेडहून निघालेली ती अहमदपूरला दम टाकते, आणि या सबंध रस्त्यावर गोल गन उरली आहे ती अहमदपूरलाच, एका ढाब्याच्या मागे. ढाब्याचा मालक तिच्या मशीनवर भिजलेले टॉवेल वाळत घालतो. ‘दाजी, अ‍ॅडॉप्टर लावा की,’ असं आमच्या घरातल्या प्रत्येकानं एकेकदा म्हणून पाहिलं आणि प्रत्येकानं व्याख्यान ऐकलं. “अहो मेव्हणे, गन आन् गाडी आधी एकमेकीशी बोलतेत, मग वीज सुटती. ही बोलती एक, ती बोलती भलतंच. आन् नव्या मशीनचा दाब एवढा, की आपल्या म्हातारीला झेपायचा न्हाई. तुम्ही काय मधी बसून भाषांतर करताव?”

तेव्हापासून जगातल्या सगळ्या विजेच्या गाड्यांची तोंडं तपासायची दाजींना सवय लागली. मुदखेडला एका लग्नात नवरदेवाची गाडी विजेची निघाली. झेंडूच्या माळा, जरीच्या पट्ट्या, वर फुग्यांचा मोर. वरात निघायच्या बेतात असताना दाजींनी माळा बाजूला सारल्या, झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. नवरीचा मामा धावत आला. “ओ पावणं, काय करायलाव? मुहूर्त टळायलाय!”

“दोन मिनिटं थांबा की. नवरदेव कुठं पळून चाललाय का? तोंड बघायलोय.”

“कुणाचं?”

“गाडीचं हो. नवरदेवाचं तुम्ही बघितलंच असंल.”

दुमजली निघाली. दाजींनी झाकण लावलं, माळा पहिल्यासारख्या नीट केल्या आणि नवरदेवाच्या खांद्यावर सांत्वन केल्यासारखा हात ठेवला.

बॅटरी वाचवायची म्हणून दाजी एसी लावत नाहीत. एप्रिलच्या उन्हात लोह्याच्या पुढे डांबर पातळ झालेलं असताना ते मागे बसलेल्यांना ओले पंचे वाटतात. ताईनं एकदा कळवळून बटण दाबलं तर म्हणाले, “गरमी बाहेर हाय. तिला आत बोलवायचं आन् मग मशीन लावून हाकलायचं, कशाला हा उद्योग?” हॉर्नला नगण्य वीज लागते हे मी त्यांना पुस्तकातून दाखवलं, तरी ते खिडकीतून हात काढून ‘सरका, मालक, सरका’ असं स्वतःच ओरडतात. गाडीला आवाज नाही, त्यामुळे म्हशींना ती आलेली कळत नाही. म्हशींच्या कानाशी ओरडायचं काम माझ्याकडे असतं. सामाजिक परिवर्तनाच्या चळवळीत मी बऱ्याच घोषणा दिल्या, पण इतका ताबडतोब परिणाम दुसऱ्या कुठल्याच घोषणेचा पाहिला नाही.

आणि मीठ! दाजींच्या डिकीत स्टेपनीशेजारी मिठाची पिशवी आणि पाण्याचा कॅन कायम असतो. वाटेत चार्ज कमी पडला की ते ओळखीच्या घरी गाडी लावतात, पण अर्थिंग, म्हणजे विजेची जमिनीशी जोडणी, कच्चं असलं की सोबतचा चार्जर लाल दिवा दाखवून वीज घ्यायला नकार देतो, आणि आमच्याकडे अर्थिंग म्हणजे बहुतेक ठिकाणी घरामागे पुरलेला एक तहानलेला पाइप. त्यामुळे दाजी पाहुण्याच्या दारात उतरले की नमस्कार करायच्या आधी घराला वळसा घालून मागे जातात, ओल्या खारट मातीत जोडणी पक्की होते म्हणून पाइपाच्या बुडाशी मूठभर मीठ टाकतात, वर पाणी ओततात आणि ते मुरेपर्यंत मान खाली घालून उभे राहतात. लोह्याजवळच्या एका गावात त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची आई आहे. तिनं हे दोनदा पाहिलं. तिसऱ्या खेपेला आम्ही गेलो तर पाइपाला हळदकुंकू वाहिलेलं आणि दोन फुलं. माझं डोकं फिरलं. अंधश्रद्धेवर पत्रकं काढणाऱ्या घरात वाढलो मी. आणि इथं माझ्या डोळ्यांसमोर एक नवा देव तयार होत होता, तोही लोखंडी. मी त्या आजींना विद्युतशास्त्र समजावायला निघालो तेव्हा दाजींनी मला बाहीला धरून मागे ओढलं. “गप बसा. पूजा म्हणून का होईना, ती रोज पाणी घालायली. ह्या तालुक्यात एवढं भक्कम अर्थिंग दुसरं न्हाई.”

माझा आणि त्यांचा खरा वाद मात्र गनवरून झाला. मी समतेच्या बाजूचा. सगळ्या गाड्यांना एकच गन, कुणीही कुठंही जावं आणि वीज भरावी, यात चुकीचं काय आहे? हे मी ताईच्या स्वयंपाकघरात हात उंचावून मांडलं. दाजी भाकरीचा तुकडा मोडत ऐकत होते. म्हणाले, “एकच असावी. मी कुठं न्हाई म्हणालो? पण नवी पंगत बसवताना, जे पहिल्या पंगतीत अर्ध्या जेवणावर हायेत त्यांच्यापुढचं ताट ओढायचं का? तुमच्या पत्रकात ह्याचं काय लिव्हलंय?” काहीच लिहिलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालंय असं मी म्हणालो, तेही खरं नव्हतं.

नंतर गेल्या हिवाळ्यात ती बातमी आली. आम्ही अहमदपूरला गाडी लावून चहा पीत होतो, तेव्हा ढाब्याचा मालक पाटीवरचा खडू पुसत म्हणाला, “दाजी, वाईट वाटून घेऊ नका. कंपनीचा माणूस येऊन गेला. तुमची गोल काढायलेत. तिथं नवी दुमजली बसणार. मला इचारलं, गोल कोण वापरतं?”

“मी वापरतो की!”

“तेच सांगितलं. तर म्हणला, एकजण म्हणजे मागणी न्हाई.”

दाजींनी चहा तसाच ठेवला. गोल गन गेली म्हणजे गाडी नांदेडच्या आसपास फिरणार, आणि या गाडीनं येऊ लागलेली अक्का पुन्हा किल्लारीची किल्लारीत. दुसऱ्या दिवसापासून दाजींची मोहीम सुरू झाली. ते कचेऱ्या फिरले. एका साहेबानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गोड आवाजात सांगितलं, “काका, ते स्टँडर्ड आता बंद झालंय.” दाजी म्हणाले, “साहेब, स्टँडर्ड बंद झालं असंल. मी चालू हाय.” मी पत्रक लिहिलं. पहिलंच वाक्य होतं: ‘कनेक्टरशाहीच्या मुजोर मक्तेदारीचा धिक्कार असो!’ दाजींनी चष्मा लावून ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. “हे कुणाला कळंल? लिव्हा, आमच्या गाडीचं तोंड बंद करू नका.” तेच छापलं. अहमदपूरच्या स्टँडवर आम्ही दोघांनी ते वाटलं. एकानं विचारलं, कुठल्या पक्षाचं? दुसऱ्यानं त्यात भजी बांधून घेतली. तिसऱ्यानं पूर्ण वाचून दाजींना शांतपणे सांगितलं, “मालक, दुसरी गाडी घ्या,” आणि तो नायगावच्या गाडीत चढला.

चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी आम्ही अक्काला आणायला गेलो. येताना अहमदपूरला गन लावली. अक्का मागच्या सीटवर पाय दुमडून बसली होती, तळहात सीटवर सपाट टेकवलेला. ती नेहमी तशीच बसते, काही हलतंय का ते पाहत. तेवढ्यात क्रेन लावलेला ट्रक आत आला आणि आमच्या शेजारीच थांबला. पिवळी टोपी घातलेला इंजिनियर उतरला. ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं होतं. ढाब्यामागची जमीन घुमू लागली. अक्कानं पाय छातीशी ओढले आणि दाराची कडी धरली. दाजींच्या खिशात पत्रकांची गड्डी होती आणि तोंडपाठ केलेलं भाषणही होतं. पण ते सरळ ड्रायव्हरपाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. “भाऊ, इंजिन तेवढं बंद करा.”

इंजिनियर वैतागून म्हणाला, “काका, आधी तुमची गाडी काढा. आम्हाला हे मशीन उचलून पुढं जायचंय.”

अक्का खिडकीतून म्हणाली, “लेकरा, खालून हलायलं रे. बंद करायला लाव की.”

“कुठल्या तुम्ही, आजी?”

“किल्लारीची.”

आमच्या भागात त्यापुढे काही विचारावं लागत नाही. इंजिनियरनं ड्रायव्हरला हातानं खूण केली. इंजिन थांबलं. मशीनचा छोटा पंखा तेवढा फिरत राहिला. अक्कानं बऱ्याच वेळानं पाय पुन्हा सीटवर दुमडून घेतले. गाडी भरेपर्यंत इंजिनियर बाजेवर बसून होता. त्यानं नवं मशीन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, लाकडं रचलेली होती तिथं बसवायचं ठरवलं. आम्ही निघताना दाजींना म्हणाला, “सध्या ठेवतो. पण काका, माझ्या हातात फार नाही. वरचे मला एवढंच विचारतात, कुणी मागतं का?”

दाजी मान डोलावून “हाव” म्हणाले. लोहा येईपर्यंत म्हशी आल्या तरी त्यांनी मला ओरडायला सांगितलं नाही. अलीकडे गाडी अहमदपूरला पोहोचते तेव्हा तिच्यात पूर्वीइतकं उरत नाही. बॅटरी थकत चालली आहे, आणि चढावर दाजी स्टिअरिंगवर पुढे वाकून बसतात, जणू तेवढ्यानं तिला मदत होईल. जयंतीच्या दिवशी अक्का पांढरं लुगडं नेसून ताईच्या ओट्यावर बसली आणि रस्त्यानं जाणारी मिरवणूक पाहत राहिली. डीजेची गाडी वळणावर आली तेव्हा ती आत गेली, आणि दाजी तिच्यापाठोपाठ गेले.

म्हणून वाचकहो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. नांदेड-लातूर रस्त्यानं जाल तेव्हा अहमदपूरला त्या ढाब्यावर थांबा. चहा चांगला असतो. मशीनवर टॉवेल वाळत असतील, ते दिसले की मालकाला चारचौघांत ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारा, ‘गोल गन चालू आहे ना?’ खोटं काही बोलू नका, गाडी नसताना आहे म्हणू नका. नुसतं विचारा, आणि तो हो म्हणाला तर त्याला सांगा, राहू द्या.