कागदावरची दोन वर्षं

मागच्या मंगळवारी बाबांना घेऊन भोपाळच्या अवधपुरीतल्या आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये गेले होते. सत्तरीपुढच्यांना मोफत उपचारांसाठी सरकारी कार्ड मिळतं, त्याचं शिबिर होतं. उत्पन्नाची अट नाही, आधारवर सत्तर पूर्ण हवीत... एवढं वाचून मला वाटलं, आपल्याला सगळं समजलं.

बाबांना मोतीबिंदू आहे आणि तो दिवसातून चार वेळा घरभर जाहीर होतो. पेपर दिसत नाही, टीव्ही दिसत नाही, भाजीत काय घातलंय दिसत नाही... कारखान्यातून रिटायर होताना मेडिकल स्कीमचा फॉर्म आज भरू, उद्या भरू म्हणत त्यांनी राहू दिला होता. त्यामुळे सगळी भिस्त या कार्डावर. आई नुसती सोबत आली होती, कारण घरातले सगळे कागद तिच्याच पिशवीत असतात.

आता, बाबा आहेत एकाहत्तरचे. पण कागदावर एकोणसत्तर. वर्ध्याकडच्या त्यांच्या गावी शाळेत नाव घालताना आजोबांनी मास्तरांना सांगून दोन वर्षं कमी लिहून घेतली, पुढे नोकरीत कामी येतील म्हणून. आलीही. बरोबरीचे मित्र घरी बसले, तेव्हा बाबा आणखी दोन वर्षं टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये ऐटीत राहिले. हा किस्सा त्यांनी भोपाळमधल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना ऐकवलाय. मला तो तोंडपाठ आहे... आणि तरीही त्या दिवशी घरातून निघताना आठवला नाही.

कॉम्प्युटरवरच्या बाईंनी आधार पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अंकल का तो अभी नहीं बनेगा, उनहत्तर के हैं. आंटी का बना दूँ?"

आईच्या जन्मतारखेला कुणी हात लावला नव्हता. मुलीला कुठे नोकरी करायची आहे, असं तेव्हा धरूनच चालायचे. त्यामुळे तिचे सत्तर खरेखुरे भरलेले, आणि कागदोपत्री ती बाबांपेक्षा वर्षभराने मोठी. बाबांनी आपलं खरं वय समजावून पाहिलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आईला खुर्ची दिली.

ओळख पटवायला मोबाईलवरच्या गोलात चेहरा धरून पापण्या मिटायच्या होत्या. आई भलतीकडेच बघत राहिली... तीनदा. मग बाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवून विचारलं, नाव बरोबर आहे का. आई बराच वेळ वाकून बघत होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तूच वाच गं. मला गोलसुद्धा दिसत नव्हता."

हीच आई लग्नपत्रिकेतली चूक हातभर लांबून काढायची.

कार्ड झालं. गुरुवारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर तिचा मोतीबिंदू बाबांपेक्षा कितीतरी पुढे गेलेला. उजव्या डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. "झाली असतील दोनेक वर्षं," आई म्हणाली. "म्हटलं, ह्यांचं आधी होऊ दे."

बाबा शेजारीच बसले होते.

ती तांदूळ बोटांनी चाचपून निवडते, हे मी रोज बघत होते. मला वाटायचं, सवय असेल... सरळ सांगते, लाज वाटली.

सोमवारी तिचं ऑपरेशन आहे, कार्डावर. बाबांसाठी काहीतरी दुसरी सोय बघू. गुरुवारपासून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांचं नाव काढलेलं नाही. आज सकाळी तांदळाचं ताट त्यांनी आपल्याकडे ओढलं आणि नाकाजवळ धरून खडे शोधत बसले. आईने दोनदा ताट परत मागितलं, दिलं नाही.

बाबांचं वय कागदावर बरोबर असतं, तर मी त्यांचं कार्ड करून खुशीत घरी आले असते आणि आई पिशवी सांभाळत मागून आली असती. आजोबांना मी कधी पाहिलं नाही... पण त्यांच्या त्या लबाडीचे आज मनापासून आभार.