मामाची मांडी

माझ्या थोरल्या जावेचं नाव तारामती, मी तिला अक्का म्हणते. तिच्याबद्दल वाईट सांगायला बसले की आधी तिचं चांगलंच आठवतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसानं फसवलं तर दोन शिव्या हासडून मोकळं होता येतं. अक्कासारख्या बाईनं फसवलं की शिवीसुद्धा घशात अडकते.

अक्का लातूरला मेस चालवते. थोरले दीर शेषेराव एका क्लासच्या हॉस्टेलवर वॉर्डन आहेत. राहतं घर वर आणि खालच्या हॉलमध्ये मेस. डॉक्टर व्हायला आलेली गावोगावची पोरं-पोरी दोन्ही वेळा तिच्या हातचं जेवतात. कोण वांगं खात नाही, कुणाचा गुरुवार आहे, कुणाचा पेपर वाईट गेला म्हणून ताट तसंच राहिलंय, हे तिला न सांगता कळतं. पोरं तिला काकू म्हणतात. अख्ख्या गल्लीची ती काकू. स्वतःचं मूल मात्र तिला नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग तिनं तो विषयच बंद केला.

मी नांदेडची. लग्न होऊन देवणीच्या पुढं आमच्या गावी आले, तेव्हा मला गाईच्या जवळ जायचीही भीती वाटायची. आणि आमच्या घरी तर गोठाभर देवणी गाई! पहिल्याच आठवड्यात धारेची भरलेली चरवी माझ्या हातून पालथी झाली. अक्का तेव्हा गावी आली होती. सासूबाई ओरडत बाहेर येईपर्यंत तिनं चरवी उचलून स्वतःच्या हातात धरली होती. "माझाच धक्का लागला," म्हणाली. सगळी बोलणी तिनं खाल्ली. त्या दिवसापासून मी तिच्या शब्दाबाहेर गेले नाही.

माझी आधीची दोन पोटातच गेली. तिसरा आला तोही आठव्या महिन्यात, घाई झाल्यासारखा. नाव आदिनाथ ठेवलं, पण नावाचं वजन त्याच्यापेक्षा जास्त होतं. लातूरच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. पुढं डॉक्टर म्हणाले, आता आईनं उघड्या छातीवर धरून बसायचं, उबेनं लेकरू वाढतं. मला तर ताप, टाके चिघळलेले. मग अक्का बसली. मेसचा स्वयंपाक दुसऱ्या बाईवर टाकून ती रोज प्लास्टिकच्या खुर्चीत त्याला छातीवर घेऊन बसायची. पाठ अवघडली तरी हलायची नाही. मी खाटेवरून बघायची आणि मला रडू यायचं, की अशी जाऊ कुणाला मिळते? आज वाटतं, तिनं त्याला घेतलं ते तिथंच. बाकीचं सगळं नंतरचं.

घरी आणल्यावर त्याची छाती भरायला लागली. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा तर ओठ निळे पडले. देवणीहून लातूर गाठेपर्यंत गाडीत मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसले होते. त्या खेपेला तो वाचला, आणि सासूबाई म्हणाल्या, "सटवाईचा डोळा हाय ह्याच्यावर. विकावं लागंल."

आमच्याकडं ही जुनी रीत आहे. जिची लेकरं टिकत नाहीत, तिनं लेकरू सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं आणि पाठ फिरवायची. दुसरी बाई येते, परक्यासारखी विचारते, उचलते आणि आईच्या पदरात शेरभर ज्वारी घालते. विकलेलं लेकरू कुणाचं कोण, सटवाईला पत्ता लागत नाही. त्याला दगडू, धोंडू असं टाकाऊ नाव ठेवायचं, म्हणजे कुणाची नजर जात नाही. मग जावळ काढायच्या दिवशी आईनं तीच ज्वारी त्या बाईच्या पदरात परत घालायची आणि आपलं लेकरू सोडवून आणायचं. मुदत तेवढीच.

मी बी.ए. झालेली बाई. पण पोराचा श्वास घरघरायला लागला की बी.ए. कुठल्या कुठं जाते. मी हो म्हटलं. सूप मात्र डेटॉलच्या पाण्यानं पुसून घेतलं. सटवाईला चकवायला निघालेली बाई जंतूंना भीत होती, हे आठवून कधीकधी माझं मलाच हसू येतं.

उकिरड्याकडं पाठ करून मी लिंबाच्या झाडाकडं तोंड केलं. मागून अक्काचा आवाज आला, "कुणाचं लेकरू गं हे?"

शिकवलेलंच उत्तर मी दिलं. "कुणाचं न्हाई. टाकलेलं हाय. घ्यायचं तर घ्या."

वळून बघायचं नसतं. मी बघितलं नाही. पदरात ज्वारी पडली, अक्काची पावलं दूर गेली, आणि ते नाटक आहे हे ठाऊक असूनही मला हुंदका आवरला नाही. ती ज्वारी मी दळू दिली नाही. कडुलिंबाचा पाला घालून वेगळ्या डब्यात ठेवली. त्या दिवसापासून आदिनाथचा दगडू झाला.

डॉक्टरांनी दवाखान्याजवळ राहायला सांगितलं होतं. म्हणून मी दगडूला घेऊन अक्काकडंच राहिले. तेवढ्यात गावी सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. त्यांचं उठणं-बसणं, घर, धारा, सगळं माझ्यावर आलं आणि मला परत जावं लागलं. दगडू लातूरला राहिला. माझं दूध आटलं. मी पंधरा दिवसांनी एकदा जायची. न्यायचा विषय काढला की अक्का म्हणायची, "एवढा पावसाळा जाऊ दे गं. गावात धूर, गोठ्याचा वास. ह्याच्या छातीला सोसंल का?" पावसाळा गेला, थंडी आली. थंडी गेली, लगीनसराईची धूळ आली. सगळे ऋतू तिच्या बाजूनं होते.

तो बोलायला लागला तो तिला "आई" म्हणूनच. मला "काकी". मी विचारलं तर माझे मालक भागवत म्हणाले, "जावळापोत्तर तसंच पाहिजे. सटवाईला कळू नये." मला पटलं! मेसमधली पन्नास पोरं तिला काकू म्हणतात, नवरा नावानं हाक मारतो, त्या घरात आई हा शब्द कुणाच्याच तोंडी नाही. मग हा शिकला कुठून? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. भरवसा असला की माणसाची अक्कल सुट्टीवर जाते.

जावळ विषम वर्षात काढतात. दुसरा वाढदिवस म्हणजे तिसरं वर्ष लागणार, तोच दिवस ठरला. सकाळी जावळ, संध्याकाळी केक. आदल्या दिवशी मालक सासूबाईंना गाडीत घालून पुढं गेले, केकचं बघायचंय म्हणून. गाईंच्या धारा काढून मी सकाळच्या गाडीनं लातूरला उतरले. माझा भाऊ रविकांत नांदेडहून आला होता. कापड दुकानात कामाला आहे तो, भाच्यासाठी स्वतः निवडून कपडे आणले होते, टोपी आणली होती, चांदीचा करगोटा आणला होता. पांढरा नवा पायजमा घातलेला. म्हणाला, "मांडीवर भाच्याचं जावळ पडणार, जुना कसा घालू?" माझ्या पिशवीत फडक्यात बांधलेली ज्वारी होती. रिक्षात मी ती सारखी चाचपत होते. आज लेकरू माझं होणार, एवढंच डोक्यात.

मेसची टेबलं भिंतीला लावली होती. फुगे होते, दाराशी दगडूचा फोटो लावलेला फ्लेक्स होता, पाटाभोवती रांगोळी होती. आणि पाटावर शिवशंकर बसला होता. अक्काचा भाऊ, उदगीरचा. त्याच्या मांडीवर दगडू बिस्किट खात होता. मला वाटलं, पोराला रमवतोय. मी हसत म्हटलं, "शिवशंकरभाऊ, उठा आता. मामा आला."

न्हाव्याचा ओला हात दगडूच्या केसांवरच राहिला. अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, "बसू दे गं. बसलाच हाय तर बसू दे. एकच की."

एकच? जावळ मामाच्या मांडीवर काढतात आणि मामा म्हणजे आईचा भाऊ. ज्या बाईचा भाऊ पाटावर बसला, ती आई. हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. चार पाहुण्यांच्या देखत, एक अक्षर न बोलता, माझं आईपण काढून घेतलं होतं. रविकांत दारातच नवे कपडे हातात घेऊन उभा राहिला. त्याचं तोंड मला बघवलं नाही.

मी मालकांकडं बघितलं. ते फुग्याला दोरा बांधत होते. एकदा बांधून झालेला दोरा पुन्हा बांधत होते.

"आत चल, बोलू," म्हणाले.

"हितंच बोला."

"मी दादाला शब्द दिल्ता."

"कवा?"

त्यांनी दोऱ्याला अजून एक गाठ मारली. मग हळूच, "विकायच्या आधी. आपल्याला हुईल की अजून एक. त्यांना कुठून हुनार?"

म्हणजे मी लिंबाकडं तोंड करून उभी होते, तेव्हा माझ्या पाठीमागं नाटक चाललंच नव्हतं. तो खरा व्यवहार होता. सटवाईला चकवतोय असं सांगून त्यांनी मला चकवलं. मला वळून बघायचं नव्हतं आणि त्यांनी नेमका त्याचाच फायदा घेतला. कुंपणानंच शेत खाल्लं, तर राखण कुणाला सांगायची? सासूबाईंना हे ठाऊक होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. त्या खुर्चीत काठी धरून बसल्या होत्या.

मी अक्कासमोर जाऊन उभी राहिले. तिनंच विचारलेलं तिला विचारलं. "अक्का, कुणाचं लेकरू गं हे?"

"माझं हाय," म्हणाली. "त्याच्या छातीची घरघर मी ऐकलीय. वाफ मी दिलीय. तू येतीस, खाऊ देतीस, जातीस. माझं हाय त्ये."

त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मी फडकं सोडलं आणि ज्वारी तिच्या पदरात ओतायला गेले. तिनं झटकन पदर ओढून कमरेला खोचला आणि मागं सरकली. सगळी ज्वारी फरशीवर सांडली.

दगडूला मात्र मौज वाटली. तो शिवशंकरच्या मांडीवरून उतरला, उकिडवा बसला, मुठीत मावेल तेवढी ज्वारी गोळा केली आणि धावत अक्काकडं गेला. "आई, घे."

दिवसभरात तो तिला कायकाय आणून देत असेल. दगड, बुचं, चमचे. तिला सवयच होती. ती वाकली, खोचलेला पदर सोडून पुढं धरला आणि त्यानं मूठ त्यात उघडली. ज्वारी पदरात पडल्यावर तिला कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. तसा चेहरा मी कुणाचाच बघितलेला नाही.

"पडली पदरात," मी म्हटलं. "आता दे."

शेषेराव पुढं आले, "असलं काय मानायचं आता," म्हणायला लागले. पण सासूबाईंनी काठी आपटली. "पदरात पडल्यावर ठिवू न्हाई, तारा. लेकराला भवंल. दिऊन टाक." ज्या रितीच्या आडून मला लुबाडलं, ती खरी मानणारी एक म्हातारी त्या घरात होती, एवढंच माझं नशीब.

मी त्याला उचललं. त्यानं किंकाळी फोडली, माझे केस ओढले, हात अक्काकडं केले. मालक मागून म्हणाले, "जेवून तरी जा." एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना एवढंच सुचलं. मी गावाकडं गेलेच नाही. रविकांतनं नांदेडच्या गाडीसाठी रिक्षा थांबवली. रिक्षा हलणार, तेवढ्यात अक्का अनवाणी धावत आली, वाफेचं मशीन माझ्या मांडीवर ठेवलं आणि वळली. मी तिच्याशी बोलले नाही. आजही बोलत नाही. मशीन मात्र वापरते.

आता आम्ही नांदेडला, रविकांतकडं. मालक फोन करतात, मी उचलत नाही. थंडीत त्याला खोकला झाला, पण छाती भरली नाही. जावळ राहिलंच, केस डोळ्यांवर येतात. रविकांत म्हणतो काढू, मी म्हणते पाचव्या वर्षी. तोपर्यंत तो मामाच्या मांडीवर बसून वरणभात खातो, तेवढं पुष्कळ.

मला तो अजून काकीच म्हणतो. परवा अंगणात पडला, गुडघा फुटला. रडत उठला आणि "आई" करत घरात धावला. मी दारातच हात पसरून उभी होते. त्यानं माझ्याच साडीला नाक पुसलं आणि वर बघून विचारलं, "काकी, आई कुटं?"

"हितंच हाय की रे," मी म्हटलं.

त्यानं मान वाकडी करून माझ्या मागं बघितलं, कुणी उभं आहे का ते.